चौथीत आहे, पण हातच्याची वजाबाकी येत नाही

भांडुपची आई: मुलगा पालिकेच्या मराठी शाळेत. काल ५० ची नोट देऊन ३२ रुपयांचं दूध आणलं. परत किती मिळायला हवेत, सांगता येईना. प्रगतिपुस्तकात मात्र ‘अ-२’! भिंती छान रंगवल्यात हो, पण जाब कुणाला विचारायचा?

निवृत्त बाई: शाळा व्यवस्थापन समितीला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालकच असतात, निम्म्या सदस्य महिला. बहुतेक पालक नुसती सही करून येतात. तुम्ही वही घेऊन जा. आणि घरी दहा-दहा खराट्याच्या काड्यांच्या मोळ्या बांधा. एक मोळी सोडली की हातचा आपोआप कळतो. आम्ही असंच शिकवलं.

चाळकरी: बाई, शिक्षक वर्गात असतील तर ना! निवडणूक, जनगणना ही कामं कायद्यानेच त्यांच्या गळ्यात आहेत.

निवृत्त बाई: खरंय, मीही घरं मोजलीत. पण ‘अ-२’ जनगणनेने दिला नाही.

भांडुपची आई: समितीत कोण आहे, हेच माहीत नव्हतं. फलकावर नावं सापडली. एक तर आमच्याच मजल्यावरची वहिनी! तिलाही पत्ता नव्हता. खराटा सोडलाय, सासूबाई चिडल्यात.