‘ऑफल’ म्हणजे नेमकं काय? वजडीला हा शब्द चालेल?

पेठकर: कोल्हापुरातल्या एका खानावळीचं मेनूकार्ड इंग्रजीत करायचं आहे. मुंडी, रक्ती, कलेजी, वजडी सगळंच आहे. शब्दकोशात ‘ऑफल’खाली ‘जनावराचे खाण्याजोगे आतले अवयव’ असं दिलंय आणि लगेच पुढे ‘कचरा’! वजडीला ‘मटण ऑफल’ लिहू का? शिवाय हा शब्द ‘ऑफुल’वरून, म्हणजे ‘भयंकर’वरून आला का?

ढलपा: ‘ऑफुल’शी नातं नाही, उच्चार तेवढा जुळतो. ‘ऑफ’ आणि ‘फॉल’ मिळून झालेला शब्द आहे: कापताना सुटून खाली पडलेलं. इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतो, बहुधा डच ‘आफव्हाल’च्या वळणावर घडलेला. जर्मन ‘आबफाल’ आजही कचराच. आधी लाकडाचा ढलपा काय नि खाटकाच्या ओंडक्यावरून पडलेलं काय, दोन्ही ऑफल. पिठाच्या गिरणीत कोंड्याला अजून हाच शब्द आहे. त्यामुळे शब्दकोशातले दोन्ही अर्थ बरोबर आहेत. मूळ ‘पडलेलं’, मग कुणी ते फेकलं, कुणी शिजवलं.

रस्सामंडळ: मेनूवर ‘ऑफल’ नको. तो सगळ्यांचा मिळून एक शब्द झाला. गिऱ्हाइकाला ताटात काय येणार ते कळत नाही, आणि कचऱ्याचा वास येतो तो वेगळाच. वजडीत पोट असेल तर ‘गोट ट्राइप’. नुसती आतडी असतील तर ‘गोट इंटेस्टाइन्स’. ‘चिटरलिंग्ज’ अजिबात लिहू नका, त्याचा पहिला अर्थ डुकराची आतडी; नसती भानगड होईल. कलेजी ‘लिव्हर’, गुर्दा ‘किडनी’, मुंडी ‘गोट हेड करी’, रक्ती ‘गोट ब्लड फ्राय’. ‘मटण’ही टाळा, इंग्लंडात ते मेंढीचं असतं.

कोंबडीची गोष्ट निराळी. तिचं काळीज, कलेजी, पोटा आणि मान मिळून ‘जिब्लेट्स’.

ढलपा: ‘प्लक’ राहिला. काळीज, कलेजी, फुप्फुसं श्वासनळीसकट एका हिसक्यात ओढून काढतात, तो जुडगा म्हणजे प्लक. ‘प्लक’ म्हणजे उपटणं. पुढे त्याचाच अर्थ हिंमत झाला. आपल्याकडे वाघाचं काळीज म्हणतात, तसंच की.

तळपट्टी: चामड्यातही ऑफल आहे, आणि तो टाकाऊ नव्हे. कातड्याचा पाठीकडचा भाग सगळ्यात घट्ट; खांदा आणि पोट हे ऑफल. पोटाच्या चामड्याचे तंतू सैल, म्हणून ते ताणतं. चपलेच्या तळाला लावलं तर आकार सुटतो. चामड्याच्या बिलावर ‘ऑफल’ दिसलं तर खाटीकखान्याचा माल समजू नका.

पेठकर: मग ‘गोट ट्राइप’ पक्कं. पण आमच्या वजडीत पोट आणि आतडी दोन्ही असतात.

रस्सामंडळ: तर ‘गोट ट्राइप अँड इंटेस्टाइन्स’ लिहा. लांब होईल, पण ताट परत येणार नाही.