मदत हवी आहे: खिळा न ठोकता, कमी खर्चात घरातल्या फोटोंची भिंत कशी करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या आजेसासूबाईंना ८१वं लागलंय. दिवाळीनंतर घरीच सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत घरातल्या सगळ्यांचे फोटो लावावेत आणि ते पुढेही तिथेच राहावेत, अशी माझी फार इच्छा आहे. २२ फोटो निवडलेत. एवढ्या फ्रेमांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. हजार-बाराशेत काही होईल का?

खरी अडचण भिंतीची आहे. घर सोलापूरच्या जुन्या भागात, माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं. भिंती दगड-मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की बशीएवढा पोपडा खाली येतो. एप्रिलमध्ये पुठ्ठ्यावर फोटो लावून मागे दुहेरी टेप चिकटवून पाहिली होती. दुपारी चहा ठेवायला उठले तर निम्मे पुठ्ठे जमिनीवर, टेपला चुन्याची भुकटी. आजींनी एकेक फोटो उचलून पदरानं पुसला. काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं.

दोन फोटो त्यांच्या जिवाचे आहेत. एकात आजेसासरे बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून, सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजापाशी, म्हणजे सजवलेल्या उंच काठीपाशी, उभे आहेत. दुसरा गड्ड्याच्या यात्रेतला, म्हणजे त्याच यात्रेच्या जत्रेतला, माझे सासरे दोन वर्षांचे असतानाचा: पुठ्ठ्याच्या विमानात बसवलेलं रडवेलं पोर, मुठीत चुरमुऱ्याचं पुडकं. हा फोटो काचेलाच चिकटलाय.

आजेसासरे कापड मिलमध्ये साच्यावर (यंत्रमागावर) होते. त्यांनी आणलेली मयूरपंखी चादर घरात आहे, एका टोकाला विरलेली. ती मागे लावून त्यावर फोटो लावावेत असं मनात आहे. पण ती टांगू कशी? आणि अस्सल फोटोच लावू की प्रती काढून?

प्रतिसाद

ताई, माळवद आहे म्हणजे तुळया आहेत, मग भिंतीला हात लावायचं कारणच नाही. तुळईला दोन आकडे बसवा, त्यांना सुती दोरीनं जाडसर वेळू आडवा टांगा आणि त्यावरून चादर दुमडून सोडा. ६० बाय ९० इंचांची असेल तर दुमडून ६० बाय ४५ होईल. विरलेलं टोक मागच्या बाजूला जाईल. खाली एक बारीक काठी आतून टाचा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलणार नाही. चादरीला कात्री मात्र लावू नका.

प्रतिसाद

अस्सल फोटो लावू नका, कळकळीनं सांगतो. रंगीत फोटो उजेडात विटतात, आमच्याकडचे असेच गेलेत. प्रती लावा, अस्सल फोटो कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. काचेला चिकटलेला ओढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट खिडकीपाशी सावलीत ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईलवर काळं कापड धरून वरून टिपा. काळ्या कापडामुळे काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही.

मयूरपंखी नक्षी भरगच्च असते, त्यावर कृष्णधवल फोटो हरवतील. प्रत्येक ४ बाय ६च्या प्रतीमागे पांढरी कार्डशीट लावा, चारही बाजूंना १ इंच सुटेल अशी. जाड कागदाचे त्रिकोणी कोपरे करून दाभणानं चादरीवर शिवा आणि शीट त्यांत अडकवा. डिंक चादरीला लावायचा नाही. उद्या नवीन फोटो घालायचा झाला तर नुसता बदलायचा.

धागाकर्ती

दादा, काळ्या कापडाची युक्ती अगदी बरोबर निघाली. मुठीतलं पुडकंसुद्धा स्पष्ट आलंय. आकडे सुताराकडून बसवून घेतले. सात-सातच्या तीन रांगा आणि वर बाराबंदीतला मोठा फोटो, असं मांडलंय. प्रती, कार्डशीट, वेळू आणि सुताराची मजुरी धरून ९४० रुपये झाले.

विमानातला फोटो मी मधल्या रांगेत लावला होता. आजींनी तो शेवटच्या रांगेत, त्यांच्या खुर्चीजवळ घ्यायला लावला, बसल्या जागी हात पोचावा म्हणून. आता एकच विचारायचंय: रोज हात लागून ती प्रत मळेल. वरून पातळ प्लास्टिक लावू की चार-पाच जादा प्रती काढून ठेवू?