मदत हवी आहे: पंप चालवणाऱ्या एजंटने धरलेला इरादा सोडायचा केव्हा?

नमस्कार मंडळी,

बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणजे कडोलीतल्या आमच्या उसाला पाणी पाजणारा सॉफ्टवेअर एजंट. अजून सगळं सिम्युलेशनमध्ये आहे, 'जेसन' या एजंट लिहिण्याच्या भाषेत लिहिलंय. पद्धत बीडीआयची (बिलीफ-डिझायर-इंटेन्शन, म्हणजे समज-इच्छा-इरादा): ओलावा किती, विहिरीत पाणी किती, थ्री-फेज वीज आहे का, ही एजंटची समज. ऊस वाळू नये, मोटर जळू नये, या इच्छा. त्यातलं जे करायला घेतलं तो इरादा.

तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांनी 1987 मध्ये मांडलेलं मला मनापासून पटतं. इरादा ही नुसती जोरदार इच्छा नव्हे. तो एकदा धरला की दर क्षणी पहिल्यापासून विचार करावा लागत नाही.

पण घोडं अडलंय नेमकं तिथेच. खालच्या तुकड्याला पाणी सोडलं आणि मध्येच वळीव आला, तर एजंटला पाऊस कळतो, पण मोटर चालूच राहते. कारण 'पाऊस नसेल तर' ही अट जेसन प्लॅन निवडतानाच तपासतो, पुढे नाही. म्हणून पाऊस आल्याच्या घटनेवर वेगळा प्लॅन लिहिला: ड्रॉप-इंटेन्शन करायचं, म्हणजे इरादा सोडून द्यायचा, आणि मोटर बंद. आता चार थेंब पडले की बंद, थांबले की चालू. खऱ्या शेतात असं केलं तर दर स्टार्टला जादा करंट खेचून वाइंडिंग तापणार, आणि थ्री-फेजची वेळ फुकट जाणार ती वेगळीच.

बीडीआयवर काम केलेले संशोधक राव आणि जॉर्जेफ यांनी इराद्याशी बांधिलकीचे तीन प्रकार सांगितलेत. आंधळी, म्हणजे काम झालं असं वाटेपर्यंत सोडायचं नाही. एकनिष्ठ, म्हणजे ते अशक्य दिसलं तर सोडायचं. खुली, म्हणजे ते ध्येयच उरलं नाही तर सोडायचं. किनी आणि जॉर्जेफ यांच्या 1991 च्या प्रयोगात जग सावकाश बदलत असेल तर धीट एजंट (मध्येच फेरविचार न करणारा) सरस ठरला, झपाट्याने बदलत असेल तर सावध (वारंवार फेरविचार करणारा). आमच्या शेतात दोन्ही एकदम आहे! ओलावा तासातासाने हलतो, करंट मात्र क्षणात जातो.

मला वाटतं, करंट गेला तर इरादा सस्पेंड करावा (तात्पुरता थांबवावा), आणि पावसावर न जाता ओलावा पुरेसा झाल्यावरच ड्रॉप करावा. पण मग सस्पेंड केलेला इरादा रात्री करंट आल्यावर जुन्याच समजुतीवर पुढे चालू लागतो. रिझ्यूम करण्याआधी अट पुन्हा तपासायची जेसनमध्ये काही सरळ सोय आहे का? की प्लॅनचे छोटे तुकडे पाडून उसाच्या दर सरीला नवं उपध्येय द्यावं? कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. कोड लागला तर इथेच टाकतो.