अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

प्रश्न: माझे एमबीबीएस महाराष्ट्रात झाले असून मी इंटर्नल मेडिसिनमधील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या रुग्णालयातील विशेष प्रशिक्षणासाठी, अर्ज करणार आहे. येथील विभागप्रमुख पत्र देण्यास तयार आहेत. अमेरिकेत मात्र मला केवळ महिनाभराची ऑब्झर्व्हरशिप (डॉक्टरांचे काम फक्त पाहण्याची संधी) मिळाली आहे. कोणाच्या पत्राला अधिक वजन राहील?

उत्तर: शक्य असल्यास अमेरिकेत त्याच विषयात काम करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र अवश्य घ्यावे, कारण निवड करणाऱ्यांना तेथील रुग्णसेवेच्या पद्धतीत तुम्ही कसे वावरता हे जाणून घ्यायचे असते. ऑब्झर्व्हरशिपमध्ये रुग्ण तपासता येत नाहीत, तरीही राउंडनंतर एखाद्या केसची मांडणी करण्याची परवानगी मागा, म्हणजे डॉक्टरांना तुमची विचारपद्धती दिसेल आणि पत्रात प्रत्यक्ष प्रसंग येईल. ‘मेहनती व नम्र’ एवढेच सांगणारे मोठ्या पदाचे पत्र माझ्या मते फारसे उपयोगी पडत नाही. विचारताना ‘आपण सकारात्मक व सविस्तर पत्र देऊ शकाल का?’ असे स्पष्ट विचारावे. संकोच जाणवल्यास आग्रह धरू नये.

दुसरे उत्तर: रेसिडेन्सीचे अर्ज ज्या ऑनलाइन प्रणालीतून पाठवतात त्या ‘इरास’मध्ये एका प्रोग्रामला (रेसिडेन्सी देणाऱ्या रुग्णालयाच्या विभागाला) जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. पत्र लिहिणाऱ्यानेच किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने ते पोर्टलवर चढवायचे असते. ते पत्र स्वतः वाचण्याचा हक्क सोडल्याची नोंद तुम्ही करावी. गोपनीय पत्रावर अधिक विश्वास ठेवला जातो. सप्टेंबरअखेर प्रोग्राम अर्ज पाहू लागतात, म्हणून सीव्ही आणि केसची टिपणे जोडून विनंती अमेरिकेतील उन्हाळ्यातच (जून ते ऑगस्ट) पाठवा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. केस मांडण्याविषयी आजच ईमेल करते.