लाल फिल्टर लावला की सावल्या काळ्याठिक्कर का येतात?

प्रश्न: कृष्णधवल फिल्मवर डोंगर टिपताना आकाश गडद हवं म्हणून २५ नंबरचा लाल फिल्टर लावला. आकाश झकास आलं, पण दरीतली झाडी नुसती काळी. मीटर (उजेडाचं माप) फिल्टरमधूनच घेतलं होतं.

उत्तर १: गडबड तिथेच आहे. बऱ्याच मीटरांना लाल रंग फिल्मपेक्षा जास्त दिसतो, म्हणून एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) कमी पडतं. फिल्टरशिवाय मीटर घ्या आणि ३ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तरी सावली थोडी मार खाणारच: तिथे उजेड निळ्या आकाशाचा असतो आणि लाल फिल्टर नेमका तोच अडवतो. म्हणून अजून एक स्टॉप द्या, आणि ढग जळू नयेत (नुसते पांढरे होऊ नयेत) म्हणून डेव्हलपिंगची वेळ थोडी कमी करा.

उत्तर २: स्पॉट मीटर (दृश्याच्या छोट्या भागाचाच उजेड मोजणारं) असेल तर अंदाजावर सोडू नका. ज्या सावलीत तपशील हवा तिचं रीडिंग घ्या, २ स्टॉप कमी करा (झोन ३, म्हणजे गडद पण तपशील दिसणारी छटा), मग फिल्टरचे ३ वाढवा.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम हा कातळ आधी पिवळ्या, मग दाट लाल फिल्टरने टिपला. आकाश जवळपास काळं आलं. पण तिथे विषय उजळ कडा आणि बर्फाचा होता, झाडीचा नव्हे. सगळे त्याचं आकाश उचलतात, हे विसरतात.

उत्तर ३: झाडी महत्त्वाची असेल तर ८ नंबरचा पिवळा पुरे, १ स्टॉप वाढवा. आभाळ भरून आलं असेल तर कुठलाच फिल्टर ते गडद करणार नाही.