आयरिश वर्तमानकाळाची क्रियापदं घरी कशी शिकवू? सल्ला हवाय

लिफीकाठची
नमस्कार मंडळी. डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली, लेक इथल्या शाळेत चौथीत आहे आणि गेल्गेचं, म्हणजे आयरिशचं, होमवर्क आता जड व्हायला लागलंय. सध्या 'आमशिर लाहरख' चालू आहे, म्हणजे आपला वर्तमानकाळ, प्रत्येक क्रियापद सहा खणांत लिहून आणायचं. तिला भाषा आवडते हो, तक्रार तिची नाहीच. पण काल 'मी बंद करते' याचं तिने 'दूनन मे' लिहिलं, त्यावर लाल रेघ आली, आणि तिने विचारलं आई यात काय चुकलं, तर मला सांगता येईना, फार वाईट वाटलं. एक ॲप घेतलं होतं, त्यात नुसती वाक्यांमागून वाक्यं, नियम कुठेच नाही. नवरा म्हणतो शिकवणी लावू. लावूही, पण घरात कुणाला तरी कळायला नको का? मी शून्यापासून सुरू करणार आहे, साइट, युक्ती, काहीही सुचवा.

गॉलवेकर
लाल रेघ बरोबर आहे. 'मी' क्रियापदाच्या शेपटीतच असतो. दूनिम म्हणजे मी बंद करते, पुढे परत 'मे' लावायचं नाही. तसंच दूनिमिद म्हणजे आम्ही बंद करतो. बाकी तू, तो, ती, तुम्ही, ते या सगळ्यांना एकच रूप, दूनन, आणि त्याच्या मागोमाग सर्वनाम. म्हणजे खण सहा पण रूपं तीनच, हे तिला आधी सांगा, निम्मी भीती जाते. आणि 'तू' ला त्यांच्याकडेही तूच म्हणतात, त दाताला जीभ लावून अगदी आपल्यासारखा, तेव्हा 'दूनन तू' तिला चुकणारच नाही. फक्त क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी येतं.

क्रियापदांचे दोन गट. दून, ब्रिश (मोडणे) अशी एका दमात संपणारी पहिल्या गटात. दुसऱ्यात क्यानी (विकत घेणे) सारखी लांब, त्यांच्या शेपटीत दीर्घ ई येतो, क्यानीम, क्यानीन तू. स्पेलिंगला एक नियम सगळीकडे चालतो, 'कील ले कील, ल्याहन ले ल्याहन', अरुंदाशी अरुंद आणि रुंदाशी रुंद. ई (e) आणि आय (i) हे अरुंद स्वर, ए (a), ओ (o), यू (u) हे रुंद, आणि व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर पाहिजेत. म्हणून दूनच्या शेपटीआधी ए लिहितात आणि ब्रिशच्या शेपटीआधी नाही. ल्याहन ऐकायला आपल्या 'लहान'सारखं आणि अर्थ मात्र रुंद, माझ्या त्यामुळेच लक्षात राहिलं.

साइट म्हणाल तर टँगलन डॉट आयई (teanglann.ie), फुकट आहे. क्रियापद टाकलं की सगळ्या काळांचे तक्ते येतात आणि बऱ्याच शब्दांचे उच्चार कॉनॅक्ट, मन्स्टर, अल्स्टर अशा तिन्ही बोलींत ऐकता येतात. शाळेत शिकवतात ते प्रमाण रूप. आमच्याकडे गॉलवेच्या बाजूला लोक दूनिमिदऐवजी 'दूनन मिद' बोलतात, कानावर पडलं तर गोंधळू नका. आणि तिला टीजी४ या आयरिश टीव्ही वाहिनीची कार्टून लावून द्या, कान तयार होतो.

अनुस्वार
ताई, माझी कळकळीची विनंती, हे सगळं तिला इंग्रजीतून समजावू नका, मराठीतून समजावा. दोन गोष्टी अशा आहेत की मराठी मुलाला त्या जवळजवळ फुकट मिळतात.

पहिली, 'ता' आणि 'बीन'. इंग्रजीत दोन्हीला 'इज', म्हणून इंग्रजीतून शिकणारी मुलं तिथे अडखळतात. आपल्याकडे सरळ आहे आणि असतो. 'ता शे तिन', तो आजारी आहे, आज, आत्ता. 'बीन शे तिन', तो आजारी असतो, नेहमी. नकारातही नाही आणि नसतो यांची जोडी तशीच, नील आणि नी वीन. दूनिम हेही 'मी बंद करते' असं रोजचं आहे, 'बंद करतेय' म्हणायला 'ता मे अ दूनू' अशी वेगळी रचना लागते.

दुसरी, प्रश्न. 'अन' लावला की पुढचं व्यंजन बदलतं आणि इथे मोठी माणसंही हात टेकतात. तुम्ही फक्त क ख ग घ ङ चा तक्ता भिंतीवर लावा. क चा ग, त चा द, प चा ब, म्हणजे ओळीतला पहिला तिसरा होतो. ग चा ङ, द चा न, ब चा म, म्हणजे तिसरा पाचवा होतो. दूनन तू, अन नूनन तू? ब्रिशन तू, अन म्रिशन तू? क्यानीन तू, अन ग्यानीन तू? वाक् वरून वागीश आणि वाङ्मय होतं ना, तसंच कानाला वाटतं. फ एकटा तक्त्याबाहेरचा, त्याचा व होतो. लिहिताना नवं अक्षर पुढे जोडतात आणि जुनं तसंच ठेवतात, वाचायचं मात्र नवं. मला हे दिसलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो, इतक्या लांबची भाषा आणि आपल्या वर्णमालेच्या ओळींत इतकी चपखल बसते!

नकाराला 'नी', तिथे ब चा व होतो, नी व्रिशिम, आणि द चा गझलेतला ग़, नी ग़ूनिम.

लिफीकाठची
काय सांगू तुम्हाला दोघांना! तक्ता फ्रिजवर लावला. रात्री जेवताना तिने विचारलं 'अन इहन तू' मासे, मी 'हो' म्हणाले तर म्हणते आई त्यांच्याकडे हो नसतं, क्रियापदच परत म्हणायचं, इहिम. म्हटलं अगं आपणही तसंच बोलतो, खातेस का, खाते. एकदम गप्प झाली आणि मग हसली. आता बाईंनी अनियमित अकरा क्रियापदांची यादी दिलीये, ती पाहून परत पोटात गोळा आलाय.

गॉलवेकर
गोळा नको. वर्तमानकाळापुरती त्यातली सहा सरळच चालतात, खाणे, पाहणे, ऐकणे, करणे, मिळणे, पकडणे. उरली पाच. येणे तार चं तागन, जाणे त्ये चं त्येन, देणे तूर चं तुगन, असणे तुम्हाला आलंच. म्हणणे अबर चं देर, त्याला तू, तो, ती वगैरेंसाठी शेपटीच नाही, नुसतं 'देर तू', मी ला देरिम. आणि नी लावल्यावर द बदलत नाही, 'नी देरिम'. हा एक अपवाद तिच्याकडून पाठ करून घ्या, परीक्षेत हमखास विचारतात.