खोबरेल तेल स्वयंपाकासाठी घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते?

प्रश्न

घरातील एका सदस्याच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला सर्रास 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हटले जाते ते, थोडे वाढलेले आढळले. त्यामुळे स्वयंपाकाचे तेल बदलावे असे ठरले. त्याच सुमारास व्हर्जिन खोबरेल हृदयाला उत्तम असल्याचे ठिकठिकाणी वाचनात आले, म्हणून मी त्याची रुंद तोंडाची मोठी काचेची बरणी आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापलेले होते, आणि खरे सांगायचे तर त्या एका शब्दावरच मी ती निवडली.

आणली तेव्हा तेल पांढरेशुभ्र व घट्ट होते. आठवडाभराने ते पातळ झाले, मग पुन्हा अर्धवट गोठले, आणि तळाशी रवाळ थर व वर पातळ तेल असे दिसू लागल्यावर यात भेसळ असावी, अशी शंका घरात निघाली. दोन महिन्यांनी तर ते जिभेवर चक्क साबणासारखे लागू लागले. हे तेल भेसळीचे होते का? व्हर्जिन आणि रिफाईंड यांपैकी काय घ्यावे? आणि मुळात एलडीएल वाढलेल्या व्यक्तीसाठी हा पर्याय योग्य होता का?

उत्तर १

आधी भेसळीविषयी. खोबरेल साधारण २४ ते २५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे खोलीचे तापमान या रेषेच्या थोडे अलीकडे-पलीकडे झाले तरी त्याचे रूप बदलते. त्यातील वेगवेगळी मेदाम्ले (फॅटी ॲसिड, म्हणजे मेदाचे घटक) एकाच वेळी गोठत नाहीत, त्यामुळे तापमान सावकाश उतरले की तळाशी रवा धरतो आणि वर काही काळ पातळ तेल राहते. तुम्ही वर्णन केलेले दृश्य हे खोबरेलाच्या स्वभावातच आहे. तेवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही.

'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दाने मात्र तुमची दिशाभूल झाली. कोलेस्टेरॉल हा प्रामुख्याने प्राणिजन्य पदार्थांतील घटक असल्यामुळे कोणतेही वनस्पती तेल जवळजवळ कोलेस्टेरॉलविरहितच असते, आणि जे सर्वांनाच लागू आहे ते एकाच बरणीवर गौरवाने छापण्यात ग्राहकाच्या हिताचे काही नाही. एलडीएलच्या दृष्टीने पाहायचे ते एलडीएल वाढवणाऱ्या संपृक्त मेदाचे (सॅच्युरेटेड फॅटचे) प्रमाण, आणि ते खोबरेलात सुमारे ८२ ते ९० टक्के असते. तुलनेसाठी सांगायचे तर तुपात ते ६० टक्क्यांच्या वर, पाम तेलात ५० टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा तेलात सुमारे १७, ऑलिव्ह तेलात १४ आणि सूर्यफूल तेलात १० ते ११ टक्के असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त मेदातून येणारा वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. रोज २,००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. १५ मिलीलीटरच्या एका मोठ्या चमच्यात मावणाऱ्या खोबरेलात ११ ते १२ ग्रॅम संपृक्त मेद असतो, म्हणजे दोन चमच्यांतच दिवसाची मर्यादा संपते, आणि दूध, लोणी, मांस किंवा बेकरीचे पदार्थ यांतून येणारा मेद अजून हिशेबात धरलेलाच नाही. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने खोबरेलाच्या वापराविरुद्ध सल्ला दिला, आणि २०२० मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलामुळे एलडीएल सुमारे १० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटरने वाढलेले दिसले. एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, हेही सुमारे ४ ने वाढले होते हे खरे. परंतु त्या वाढीने एलडीएलचा तोटा भरून निघतो असे मानण्यास पुरेसा आधार नाही.

तेव्हा ज्या व्यक्तीसाठी तुम्ही ही खरेदी केली, तिच्या रोजच्या वापरासाठी ही निवड चुकीची होती, असेच मी म्हणेन.

उत्तर २

साबणासारख्या चवीबद्दल थोडे लिहितो, कारण हा प्रकार माझ्याकडेही घडला आहे. इतर तेले बहुधा हवेतील प्राणवायूमुळे खवट होतात. खोबरेलात असंपृक्त मेद फार कमी असल्याने ते त्या मार्गाने सहसा बिघडत नाही, पण त्यात ओलावा शिरला की मेदाचे विघटन होऊन लॉरिक आणि त्याहून आखूड साखळीची आम्ले मोकळी होतात, आणि ती जिभेला साबणासारखी लागतात. माझ्या बाबतीत दोषी होता तो धुतलेला, नीट न पुसलेला चमचा. रुंद तोंडाच्या बरणीत दिवसातून दोनदा असा चमचा बुडत असेल तर दोन महिने पुष्कळ झाले. यापुढे लहान बरणी घ्या, चमचा कोरडा ठेवा आणि गॅसजवळच्या फळीवर ती ठेवू नका, कारण तिथे उकळत्या भांड्यांची वाफ सतत लागते.

उत्तर ३

पहिल्या उत्तरातील आकडे बरोबर आहेत, परंतु त्यावरून खोबरेल घरातून हद्दपारच करावे असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्या तपासण्या ठीक आहेत, त्यांनी चवीसाठी अधूनमधून एखादा छोटा चमचा वापरल्यास बिघडत नाही. औषध समजून रोज चमचाभर पिणे ही मात्र निराळीच गोष्ट आहे, आणि तिचा उगम बहुतांशी एका गफलतीत आहे. 'एमसीटी' नावाच्या, मध्यम साखळीच्या मेदावर झालेले अभ्यास खोबरेलाच्या नावावर खपवले जातात. त्या अभ्यासांतील तेल प्रामुख्याने कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांचे असते. खोबरेलात या दोहोंचे प्रमाण मिळून जेमतेम १५ टक्के भरते, आणि जवळजवळ निम्मा वाटा असलेले लॉरिक आम्ल शरीरात बरेचसे लांब साखळीच्या मेदासारखेच शोषले जाते.

व्हर्जिन की रिफाईंड, याचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. व्हर्जिन तेल ताज्या खोबऱ्यापासून काढलेले असते आणि त्याला नारळाचा वास असतो. रिफाईंड तेल सहसा सुक्या खोबऱ्यापासून काढून, रंग व गंध घालवून तयार होते. मेदाची घडण दोन्हींत जवळपास सारखीच असल्याने केवळ व्हर्जिन म्हणून एलडीएलला सूट मिळत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. ओला चमचा हा आमच्याकडचाही गुन्हेगार निघाला. आता रोजच्या वापरासाठी कोणते तेल घ्यावे, आणि कधीतरी तळण करायचे असल्यास तेच चालेल का, एवढे सांगावे.

उत्तर १ (पुन्हा)

रोजच्या परतण्यासाठी शेंगदाणा, ऑलिव्ह, तीळ किंवा राईस ब्रान यांपैकी ज्याची चव घरात रुळेल ते घ्या. यांतले एकच तेल सर्वश्रेष्ठ, असे मला वाटत नाही. जवसाचे तेल मात्र कधीही तापवू नका. त्यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि तो उष्णतेने फार लवकर बिघडतो. ते गार पदार्थावर वरून घालावे.

तळण साधारण १७० ते १९० अंशांवर होते. व्हर्जिन खोबरेल सुमारे १७५ अंशांना धुरावू लागते, त्यामुळे ते तळणाला कामाचे नाही. रिफाईंड शेंगदाणा तेल किंवा 'हाय ओलिक' लिहिलेले सूर्यफूल तेल चांगले टिकते, कारण त्यांत उष्णतेला नाजूक असलेल्या बहुअसंपृक्त मेदाचे प्रमाण तुलनेने कमी असते. एकदा तळून उरलेले तेल पुढच्या वेळी लवकर धुरावते, कारण त्यात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. ते पुन्हा पुन्हा तापवू नये.

दुकानात बाटली उलटून मागची बाजू वाचा. घटकांत 'हायड्रोजनीकृत' किंवा 'अंशतः हायड्रोजनीकृत' शब्द दिसला तर ती परत फळीवर ठेवा. अंशतः हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेद तयार होतो, आणि तो एलडीएल वाढवतोच, शिवाय एचडीएल कमी करतो. किमतीची तुलना करताना एक बरणी ग्रॅममध्ये आणि दुसरी मिलीलीटरमध्ये असेल तर फसगत होते: एक लीटर तेलाचे वजन सुमारे ९१० ते ९२० ग्रॅमच भरते. केसांसाठी म्हणून विकले जाणारे खोबरेल खाण्याच्या प्रतीचे असेलच असे नाही, तेव्हा लेबलवर 'खाद्य' हा शब्द शोधावा.

उत्तर २ (पुन्हा)

बिघडलेली बरणी रिकामी करण्यापूर्वी एक सांगतो. ते तेल मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नका. २४ अंशांखाली ते नळीत गोठते, आणि मी ते ओतल्यावर दोन दिवसांनी प्लंबरला बोलवावे लागले होते. बरणी फ्रिजमध्ये ठेवून तेल गोठू द्या आणि चमच्याने खरवडून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.